वखारीवरचा रेडिओ

दोन महिने झाले, मास्तरांच्या घरात बोलणं म्हणून होत नव्हतं. भांडण झालं असतं तर एक वेळ परवडलं असतं, भांडायला निदान तोंड तरी उघडावं लागतं. इथे 'जेवायला चला', 'दिवा घालवा', 'दूधवाला येऊन गेला' एवढ्यावर अख्खा दिवस निघत होता. आणि हे कुणाच्या घरात, तर ज्यांच्या आवाजावर गावानं आपली घड्याळं लावली त्या रेडिओबाईंच्या घरात! मास्तर म्हणजे त्यांचे यजमान. बाजारपेठेत त्यांचं शिलाईचं दुकान होतं आणि कोट शिवण्यात त्यांचा हात धरणारा दुसरा कुणी नव्हता. पण गावाला त्याचं काय? गाव त्यांना 'रेडिओबाईंचे मास्तर' म्हणूनच ओळखायचं.

बाई गप्प का झाल्या हे मास्तरांना ठाऊक होतं आणि ते बोलून दाखवायला त्यांची जीभ रेटत नव्हती. न सांगावं तर बायको हातची जाते आहे, सांगावं तर तिचं काळीज मोडेल, अशा कात्रीत ते सापडले होते. आता ही कात्री कुणी केली हे समजायचं असेल तर त्या रेडिओची कुळकथा ऐकावी लागेल, त्याला इलाज नाही.

गावातलं रेडिओ केंद्र सुरू झालं ते एका लाकडाच्या वखारीच्या माडीवर. वखारवाल्यांना गाण्याचं वेड नव्हतं आणि समाजसेवेची खाजही नव्हती. त्यांची तक्रार एकच होती, की मोठ्या शहरातलं केंद्र आपल्या गावचं हवामान कधी सांगत नाही. 'तुरळक ठिकाणी पाऊस' ऐकून ते निर्धास्तपणे लाकूड उघड्यावर टाकायचे, आणि ते तुरळक ठिकाण नेमकं त्यांचंच अंगण निघायचं. शेवटी संतापून त्यांनी सरकारी परवानगी काढली आणि वखारीमागे लोखंडी खांब उभा केला. लोक चिडले की तक्रारीचा अर्ज लिहितात, या माणसानं केंद्रच काढलं.

अडचण इतकीच, की खाली करवत चालायची. वर माईक उघडला की हवामानापेक्षा करवतच जास्त ऐकू जायची. मग वखारवाल्यांनी एक रीत पाडली. हवामान वाचायला नेमलेल्या बाई बोलणार असल्या की माडीच्या खिडकीतून एक लाल फडकं बाहेर लोंबायचं. ते दिसलं की करवत थांबवायची. फडकं आत गेलं की पुन्हा सुरू. तेवढा वेळ खालचे कामगार कमरेवर हात ठेवून, माना वर करून उभे राहायचे. त्यांचा खोळंबा तो मालकाच्या जिवाला घोर, त्यामुळे बाई पहिल्या दिवसापासून मोजकं बोलायला शिकल्या. 'उद्या ऊन. दुपारनंतर वारा. होडी बंद. काळी शेळी हरवली आहे, शिंगाला दोरी.' की फडकं आत, एक गाणं, आणि करवत.

मास्तरांची नि बाईंची गाठ पडली ती याच माडीवर. खोलीत आवाज फार घुमतो म्हणून भिंतींना जाड पडदे लावायचं ठरलं आणि ते काम मास्तरांकडे आलं. तेव्हा ते नुकतेच दुकान थाटलेले, किडकिडीत, आणि बाईमाणूस समोर आलं की कानशिलं लाल होणारे गृहस्थ होते. आत पोत्यांचं अस्तर घालून त्यांनी चांगले रजईसारखे पडदे शिवले. ते टांगायला शिडीवर चढले असताना खाली बाई हवामान वाचत होत्या. वाचन संपलं, फडकं आत आलं, आणि बाईंनी मान वर करून विचारलं, "कसं झालं वाचन?"

मास्तरांच्या तोंडात टाचण्या होत्या. त्या ओठांत सावरत ते एवढंच म्हणाले, "छान झालं."

पुढे दोघांचं लग्न झालं, तरी हा सवाल-जवाब काही थांबला नाही. घरी जाताना बाई रोज दुकानाच्या पायरीशी थांबायच्या आणि विचारायच्या, "कसं झालं?" मास्तर मशीनवरची मान न उचलता म्हणायचे, "छान झालं." ऐकलेलं नसायचं असं नाही हं. दुकानात रेडिओ दिवसभर चालू असायचा आणि बाईंचा शब्द न् शब्द त्यांच्या कानावरून गेलेला असायचा. पण कौतुक करायला त्यांची जीभ जड, आणि दोष काढला तर रात्रीच्या जेवणाची शांतता जाणार. त्यापेक्षा हे दोन शब्द सोयीचे. निम्मे संसार असल्याच सोयीवर चालतात, मास्तरांचाच काय तो गुन्हा नव्हे.

घरीही बाई वखारीच्या मापानंच बोलायच्या. 'मीठ कमी.' 'उद्या आत्या.' 'झोपा.' आपल्याला बायको अबोल मिळाली असं मास्तर मित्रांना कौतुकानं सांगत. फार घाई केली त्यांनी.

कारण वखारवाले थकले, खालची करवत बंद झाली आणि केंद्र त्यांनी जावयाच्या हाती दिलं. जावई म्हणजे हौसेला हातपाय फुटलेले. हवामानाशी त्यांना काही कर्तव्य नव्हतं. दिवसभर गाणी, तीही लोकांनी फोन करून मागितलेली. पोत्यांचे पडदे उतरले, मास्तरांनी लाल मखमलीचे शिवून दिले, आणि बाईंना हुकूम सुटला की हसत बोला. आता रेडिओवर हसू दिसणार कुणाला? पण जावयांचं म्हणणं, हसून बोललेलं ऐकणाऱ्याला बरोबर कळतं. त्यांनी माईकच्या समोर एक आरसाच टांगला. सुरुवातीला बाई आरशात बघून कसनुसं हसायच्या, पण असं रोज हसता हसता त्यांना खरंच हसू यायला लागलं, आणि ते हसू त्या पदराला बांधून घरी आणायला लागल्या. भाजी करपली, हसल्या. मास्तरांनी स्वतःच्याच शर्टाच्या दोन बाह्या वेगवेगळ्या कापल्या, तेव्हा तर डोळ्यांतून पाणी येईतो हसल्या. मास्तरांना हे प्रकरण एकंदरीत पसंत पडलं होतं.

एकच गोष्ट खुपत होती. कुणीतरी गृहस्थ रोज दुपारी फोन करून तेच ते गाणं मागायचे आणि मागण्याआधी बाईंच्या आवाजाची तोंड भरून स्तुती करायचे. मास्तरांच्या मनात पाल चुकचुकली. एके दिवशी त्यांनी शेजारच्या किराणावाल्यांच्या दुकानातून, तोंडावर रुमाल धरून, घोगऱ्या आवाजात केंद्राला फोन लावला. "मी एक श्रोता बोलतोय," ते म्हणाले. "तुम्हाला रोज फोन करतात ते कोण?"

पलीकडून साऱ्या गावाला ऐकू जाईल अशा हसऱ्या आवाजात बाई म्हणाल्या, "मास्तर, दुकान कुणावर टाकून आलात? आणि तोंडावरचा रुमाल काढा, जीव गुदमरेल."

पुढे कितीतरी दिवस बाजारपेठेत जो तो मास्तरांना लांबून रुमाल दाखवत होता. ते रोज फोन करणारे गृहस्थ म्हणजे चौकातले म्हातारे दंतवैद्य निघाले. दवाखान्यात आताशा कुणी फिरकत नव्हतं, आणि कुणाशी तरी दोन शब्द बोलावेत एवढीच बिचाऱ्यांची भूक होती. हे कळल्यावर मास्तर त्यांच्याकडे गेले आणि दुखत नसलेली दाढ दाखवून आले.

जावयांची हौस फिटली तशी केंद्रावर डॉक्टरीणबाई आल्या. गावाचा रक्तदाब वाढला आहे आणि त्याला रेडिओ जबाबदार आहे, असं त्यांचं निदान होतं. मग काय, आभाळी रंगाचे पडदे, बासरी, पाण्याचा खळखळाट, आणि बाईंनी बोलायचं ते एकेका शब्दानंतर थांबून. हरवलेल्या शेळीची सूचनाही त्या अशा सुरात द्यायच्या, की शिंगाला दोरी आहे हे सांगेपर्यंत शेळीच्या मालकालाच डुलकी लागायची. घरातही तेच. एकदा मास्तर स्वयंपाकघरात शेगडीकडे पाठ करून बसले होते.

"अहो..." बाई म्हणाल्या.

"काय गं?"

"तुमच्या... मागे... शेगडीवर..."

"काय आहे शेगडीवर?"

"दूध..."

मास्तर वळेपर्यंत दूध ओट्यावरून खाली वाहत होतं. गावाचा रक्तदाब उतरला की नाही कोण जाणे, मास्तरांचा चढला.

डॉक्टरीणबाई मुलाकडे परदेशी गेल्या आणि केंद्र वर्तमानपत्रवाल्यांनी घेतलं. या गृहस्थांना शांततेचं वावडं. भिंतींवरून मास्तरांचे पडदे निघाले आणि करड्या रंगाच्या स्पंजाच्या लाद्या चिकटल्या. मास्तरांनी ते आभाळी कापड मुकाट्यानं घरी आणून त्याचे उशांचे अभ्रे शिवले. आता रेडिओवर दिवसभर सवाल. रस्ता कुणी खोदला, नळाला पाणी का नाही, आणि समोरच्याचं उत्तर निम्म्यावर आलं की तोडायचं. बाई तेही शिकल्या, आणि मास्तरांवर सरावही करू लागल्या.

"कसं झालं आज?"

"छान झालं."

"छान म्हणजे नेमकं काय छान?"

"सगळंच."

"सगळं सांगू नका, एक सांगा. नगराध्यक्षांना विचारलेला दुसरा प्रश्न कसा होता?"

"तोही छान होता की."

"दुसरा प्रश्न विचारलाच नाही मी. त्यांनी विचारू कुठे दिला?"

मास्तरांना हे पक्कं ठाऊक होतं, आपल्या कानांनी ऐकलं होतं त्यांनी. पण जिभेला वळण लागलेलं, शब्द निघून गेला. बाईंनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि दुसरीकडे बघायला लागल्या. मास्तर चपला सरकवून उगीचच दुकान बंद आहे का ते बघायला गेले.

'लग्न एक, बायका चार' असं मास्तर गमतीनं म्हणायचे. यातली खरी कोणती, असं कुणी विचारलं की म्हणायचे, 'मला चारही चालतात.' चालतात कसल्या, चारही जणींवर त्यांचा जीव होता. मोजकं बोलणारी, हसणारी, दूध उतू घालवणारी नि उलटतपासणी घेणारी, सगळ्यांवर. हे त्यांनी बाईंना कधी सांगितलं का? त्याचं उत्तर मास्तरांना ओळखणारा कुणीही देईल.

आणि मग कंपनी आली. कंपनी म्हणजे काय, तर मालक असतो पण नमस्कार करायला समोर कुणी नसतं. मोठ्या शहरातून एक तरुण अधिकारी मुलगी आली, फार गोड बोलली, दोनदा चहा प्यायली. यापुढे सगळ्या गावांना गाणी शहरातूनच जातील, सगळीकडे एकच, मध्ये बोलायला कुणी लागणार नाही. बाईंनी इतकी वर्षं काम केलं, तर शेवटच्या दिवशी दुपारी बारा वाजता शहरातली गाणी जोडायच्या आधी अर्धा तास त्यांना निरोपासाठी देण्यात येत आहे. बाईंनी मान हलवली. रडल्या नाहीत की चिडल्या नाहीत. त्या दिवसापासून मात्र भाजी निवडताना, कपडे वाळत घालताना त्यांचे ओठ हलताना मास्तरांना दिसायचे. तीस वर्षांत कुणा ना कुणाच्या सुरात बोललेली बाई पहिल्यांदाच आपल्या सुरात बोलायची तयारी करत होती.

तो दिवस उजाडला. मास्तरांनी रेडिओचा आवाज वाढवला. किराणावाले गल्ला सोडून आले, सलूनवाले एका गिऱ्हाइकाला अर्धवट दाढीसकट घेऊन आले, दंतवैद्यांना खुर्ची दिली. वेळ झाली आणि रेडिओवर गाणं लागलं. मग दुसरं लागलं.

"गाण्यांनी सुरुवात करतायत वाटतं," किराणावाले म्हणाले.

तिसरं गाणं लागलं तेव्हा मास्तरांनी कात्री खाली टाकली आणि कुणाला काही न सांगता सुटले. या वयात ते धावतायत हे बघून रस्त्यातले लोक बाजूला होत होते. वखारीचा जिना ते धापा टाकत चढले, तर काचेच्या दाराबाहेर केंद्राचा वायरमन डोळे पुसत उभा. दारावरचा दिवा लाल. भिंतीवरच्या कर्ण्यातून बाईंचा आवाज येत होता.

"मास्तर, काय बोलतायत हो आज बाई!" वायरमन म्हणाला.

"अरे, रेडिओवर गाणी चाललीत," मास्तर म्हणाले. "केव्हाची!"

वायरमनचा चेहरा पडला. तो मागच्या खोलीत जाऊन आला आणि भिंतीला टेकला. शहरातल्या कुणीतरी बाराची वाट न बघताच खटका फिरवून टाकला होता. माडीवर सगळं व्यवस्थित चालू होतं, पण खांबावरून बाहेर जात होतं ते शहरातलं. एरवी हे तेव्हाच लक्षात आलं असतं, पण बाहेर काय जातंय ते ऐकायला ठेवलेला केंद्रावरचा रेडिओ वायरमननं सकाळीच खोक्यात बांधून टाकला होता.

त्यानं दाराच्या मुठीला हात घातला. मास्तरांनी तो धरला.

आत बाई डोळे मिटून बोलत होत्या. समोर कागद नव्हता. चेहरा असा निवांत, की मास्तरांनी तो तसा घरात कधी पाहिला नव्हता. त्यांना आत जाऊन काय सांगणार, की थांब, कुणी ऐकत नाहीये?

"बोलू दे," मास्तर म्हणाले.

दोघं उभ्या उभ्या शेवटपर्यंत ऐकत राहिले. दिवा विझला, बाई बाहेर आल्या, मास्तरांना तिथे बघून थबकल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही इथं? कसं झालं?"

वायरमन जमिनीकडे बघायला लागला.

"छान झालं," मास्तर म्हणाले.

इथवर झालं ते झालं. पण दुकानात परतले तर मंडळी तोंड पाडून बसलेली. "बाई निरोपही न घेता गेल्या?" दंतवैद्यांनी विचारलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्तच लागलं. आता हीच मंडळी उद्या बाईंना रस्त्यात गाठून हेच विचारणार, आणि सगळं उघड्यावर येणार! खरं सांगावं, तर ही बातमी पोटात ठेवणारा त्या बाजारात एकही नव्हता. मग मास्तरांनी असा शहाणपणा केला, की तो त्यांच्यासारख्या मायाळू माणसालाच सुचावा. ते दुकानोदुकान फिरले आणि हात जोडून म्हणाले, "तिनं फार मनाला लावून घेतलंय. तिच्यासमोर रेडिओचा विषय काढू नका. एक अक्षर नको."

बाजारपेठेनं आजवर कुणाचं काही ऐकलं नव्हतं, ते नेमकं या वेळी ऐकलं. बाई दिसल्या की किराणावाले रेडिओ बंद करून डाळीच्या पोत्यात डोकं घालायचे. सलूनवाले कैची घेऊन आत पळायचे. दंतवैद्यांना काही लपवता यायचं नाही, म्हणून ते सरळ पलीकडच्या फुटपाथवर जायचे. प्रत्येकाला आपण बाईंना जपतोय असं वाटत होतं.

बाईंनी पहिल्या दिवशी वाट पाहिली. कुणी काही बोललं नाही. आठवडाभर पाहिली. नवी साडी नेसून उगीचच दोनदा साखर आणायला जाऊन आल्या. शेवटी एकदा मास्तरांना म्हणाल्या, "लोकांना नसेल आवडलं."

"छे गं, छान झालं होतं," मास्तर म्हणाले.

त्यानंतर बाई बोलायच्या थांबल्या. असे हे दोन महिने.

मग एकदा दुकानाला सुट्टी होती. दुपारी बाई वाटाणे सोलत बसल्या होत्या आणि मास्तर समोर बटणांची पेटी आवरत होते. स्वयंपाकघरातल्या फळीवरचा छोटा रेडिओ बाईंनी सकाळीच खाली काढून ठेवला होता. त्याच्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "हा भंगारवाल्याला देऊन टाका. तीस वर्षं मी भिंतीशी बोलले, आणखी काय."

कसलाही कढ न आणता, वाटाण्याचा भाव सांगावा तशा म्हणाल्या. मास्तरांच्या हातातली बटणं सांडली. आता नाही बोललो तर ही बाई उरलेलं आयुष्य अशीच बसून राहील, हे त्यांना लख्ख दिसलं.

"अगं, ते लागलंच नव्हतं," ते म्हणाले.

"काय लागलं नव्हतं?"

"तुझं निरोपाचं बोलणं. शहरातल्यांनी आधीच खटका फिरवला. गावाला गाणी ऐकू येत होती. मी दुकानातून पळत वर आलो, तर तू बोलत होतीस."

बाईंच्या हातातली शेंग अर्धी उघडी राहिली. "म्हणजे कुणीच ऐकलं नाही?"

"मी ऐकलं. वायरमननं ऐकलं. दाराबाहेर उभं राहून."

"आणि लोक? ते तोंड का चुकवतायत माझं?"

मास्तरांनी मान खाली घातली. "मीच सांगितलं होतं त्यांना. विषय काढू नका म्हणून. तुला वाईट वाटायला नको."

"मला वाईट वाटायला नको," बाई सावकाश म्हणाल्या, "म्हणून तुम्ही अख्ख्या बाजाराला मला वाळीत टाकायला लावलंत?"

आणि मग ज्या सुटल्या! किराणावाल्यांचा उद्धार झाला, वायरमनचा झाला, त्या गोड बोलणाऱ्या मुलीचा झाला, मास्तरांचा तर सविस्तर झाला. ते म्हातारे दंतवैद्य, त्यांना काय वाटलं असेल, की ही बाई न सांगता निघून गेली? उद्याच्या उद्या सगळ्यांना भेटून सांगते! एकीकडे डोळ्यांतून पाणी चाललं होतं, एकीकडे हसू फुटत होतं. मास्तर शिव्या खात बसले होते आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा त्यांचा जीव भांड्यात पडला होता.

शेवटी दम लागून बाई थांबल्या. पदरानं तोंड पुसलं. "बरं, तुम्ही तरी ऐकलंत ना? मग खरं सांगा, कसं झालं?"

मास्तरांनी तोंड उघडलं. नेहमीचे दोन शब्द ओठापर्यंत आले होते, ते त्यांनी गिळले.

"लांबलं थोडं," ते म्हणाले.

"कुठे लांबलं?" बाईंचा आवाज चढला.

"डॉक्टरीणबाईंपाशी. त्यांचं एवढं नको होतं. आणि नगराध्यक्षांना शेवटी चिमटा काढलास, तोही नको होता. निरोपात चिमटे काढू नयेत." मास्तर धीर करून पुढे गेले. "पण वखारीतल्या कामगारांचं बोललीस ना, की ते करवत थांबवून वर बघत उभे राहायचे, तेच माझे पहिले श्रोते, तेव्हा मला शिडीवर उभं राहून ऐकलेलं तुझं हवामान आठवलं. वायरमन तर रडतच होता. तिथे तू कुणासारखीच बोलत नव्हतीस. तसं तुला मी कधी ऐकलं नव्हतं."

बाई पुढे झुकून ऐकत होत्या. इतकी वर्षं उपाशी ठेवलेल्या माणसापुढे पान वाढावं तशा. मास्तरांना त्यांच्याकडे बघवेना.

"आणखी?" बाईंनी विचारलं.

"आणखी काही नाही."

"मास्तर."

मास्तर जमिनीवरची बटणं गोळा करायला लागले. "सगळ्यांचे आभार मानलेस. चारही मालकांचे, वायरमनचे, दंतवैद्यांचे. शेळीवाल्याचेसुद्धा मानलेस. माझा उल्लेख नाही ऐकला मी कुठे."

बोलून गेले आणि त्यांची कानशिलं लाल झाली. बाईंनी जमिनीवरचं एक बटण उचलून त्यांच्या हातावर ठेवलं.

"तुमचं रेडिओवर कशाला सांगू?" त्या म्हणाल्या. "तुमचं तुम्हाला घरी येऊन सांगणार होते. निरोपापेक्षा त्याचीच तयारी जास्त केली होती मी. दार उघडून बाहेर आले तेव्हा सगळं अगदी ओठांवर होतं. पण तुम्ही समोर उभे, आणि म्हणालात, छान झालं. तुमचं 'छान झालं' आलं की कार्यक्रम संपतो हो. पुढे बोलायला जागाच राहत नाही."

मास्तरांनी हातातली बटणं पेटीत टाकली. रोज दुकानाच्या पायरीपर्यंत येऊन किती काय त्या दोन शब्दांवर आपटून परत गेलं असेल, याचा विचार त्यांच्या मनात आला आणि त्यांना फार लाज वाटली. तीस वर्षं आपण शांतता राखली असं त्यांना वाटत होतं. त्यांनी बटणांची पेटी मिटली, दूर सारली आणि ते बाईंच्या समोर येऊन बसले.

"आता सांग," ते म्हणाले.

"आता?"

"हो, आत्ता."

बाईंनी वाटाण्यांचं ताट बाजूला केलं. पाणी प्यायल्या, घसा साफ केला, एकदा खिडकीबाहेर पाहिलं.

"लांबेल हं," त्या म्हणाल्या.

"लांबू दे," मास्तर म्हणाले.